रात्री दोन वाजता जागं कोण असतं?

आईच्या कॉटच्या पायाशी एक क्लिपबोर्ड लटकवलेला असायचा, त्यावर छापील तक्ता. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलली की त्या वेळेसमोर टिक करायची आणि बाजूला सही. डावी कूस, पाठ, उजवी कूस, परत डावी. पहिल्या आठवड्यात तो तक्ता बघून मला खरंच बरं वाटलं होतं, म्हटलं चला इथे काहीतरी सिस्टीम आहे, फोटो काढून भावाला पण पाठवला ऑस्टिनला. मग एका गुरुवारी ऑफिसमधून लवकर सुटले आणि संध्याकाळी साडेसहाला तिथे पोचले तर तक्त्यावर रात्रीचे आठ, दहा, बारा, दोन, चार आणि सकाळचे सहा, सगळ्या टिका मारून तयार. एकच निळं पेन, एकच हात, सही पण तीच. आई पाठीवर. दुपारी मामी येऊन गेली होती, ती म्हणाली तेव्हापण पाठीवरच होत्या.

अकरा दिवसांनी आईच्या माकडहाडावर जखम सापडली, कूस न बदलता पडून राहिलं की होते ती, बेडसोअर. सापडली म्हणजे मला सापडली, डायपर बदलताना मी मदतीला उभी राहिले म्हणून. जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढी, कडा काळपट, आणि वास. तक्त्यावर अकराच्या अकरा दिवस सगळ्या टिका होत्या.

आधी काय झालं ते थोडक्यात. आई ७९ वर्षांची, बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन चांगलं झालं, सहाव्या दिवशी डिस्चार्ज. डॉक्टर म्हणाले आता खरं काम फिजिओचं, उभं करा, चालवा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मी नोकरी करते, नवरा सतत फिरतीवर, आणि ब्युरोच्या बायका दोन आठवड्यांत तीन बदलल्या. म्हणून पुण्याच्या बाहेर हायवेजवळच्या एका केअर सेंटरला ठेवलं. महिना चौतीस हजार, डिपॉझिट वेगळं, डायपर, औषधं, फिजिओ, ड्रेसिंगचं सामान हे सगळं वरून. नाव लिहीत नाहीये, कारण नाव लिहिलं की लोक म्हणणार अच्छा ते होय, ते वाईटच आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी जाऊन नेमकं हेच विकत घेणार.

जखम सापडल्यावर मी मॅनेजरशी भांडून एक रात्र तिथे राहिले, नियमात बसत नाही म्हणत होते, बसवलं. खालच्या मजल्यावर सतरा पेशंट आणि रात्री आठ ते सकाळी आठ एक मावशी. एकच. मराठवाड्यातल्या, पन्नाशीच्या, पायाला सूज, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून डबा खाल्ला त्यांनी, तोही दोनदा उठून. कोपऱ्यातले एक काका रात्रभर "अगं पाणी दे गं" करत होते, त्यांना पाणी दिलं तरी परत तेच, कारण त्यांना पाणी नको होतं, कोणीतरी हवं होतं. दुसऱ्या एका आजींचा डावा हात जुन्या साडीच्या पट्टीने कॉटच्या दांड्याला बांधलेला. मी विचारलं तर मावशी म्हणाल्या, "बांधलं न्हाई तर नाकातली नळी उपसतात ओ ताई, एकदा उपसली तर माझ्या पगारातनं कापले." आणि मग जरा थांबून, "मलाबी बरं वाटतं का."

त्या रात्री मी गणित केलं, दुसरं करायला काही नव्हतंच. सतरातले नऊ जण पूर्ण पडून. एकेकाला कुशीवर करायचं, डायपर बघायचा, ओला असेल तर बदलायचा, पावडर लावायची, पाठीमागे उशी सरकवायची, दहा मिनिटं तरी धरा, आणि सत्तर किलोच्या माणसाला एकटीने कुशीवर करून बघा एकदा म्हणजे दहा मिनिटं कमीच वाटतील. नऊ जणांची झाली दीड तास. उरलेल्या अर्ध्या तासात बाकी आठ जणांचं पाणी, बाथरूम, उलटी, खोकला, काकांची हाक, आणि लगेच परत पहिल्यापासून, असं सकाळपर्यंत न बसता. हे होऊच शकत नाही. मावशींनी टिका खोट्या मारल्या असं म्हणून मोकळं होणं सोपंय, पण त्या तक्त्यात खरं लिहायची सोयच नव्हती, खरं लिहिलं असतं तर रोज रात्री निम्मे रकाने रिकामे दिसले असते आणि ते रिकामे रकाने मालकाला परवडले नसते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की केअर सेंटरचा दर्जा हा रात्री दोन वाजता किती माणसं जागी आहेत यावर ठरतो. बाकी सगळं, म्हणजे लॉबीतला गणपती, बाग, पौष्टिक सात्त्विक आहार, एअर बेड, सीसीटीव्ही, भजन संध्या, हे सगळं त्यानंतर. आणि नेमका हाच आकडा आपल्याकडे कुणी कुणाला सांगत नाही, कुणी विचारत नाही, आणि सरकार तर मागतच नाही.

का मागत नाही, यावर मी बराच विचार केलाय आणि मला वाटतं याचं कारण आपल्या भाषेतच आहे. आपण हा विषय संस्कारांचा करून ठेवलाय. वृद्धाश्रम म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, मुलं अमेरिकेत आणि आईबाप आश्रमात, कलियुग. सिरियल, व्हॉट्सॅप फॉरवर्ड, कीर्तन, शाळेतली वक्तृत्व स्पर्धा, सगळीकडे तेच रडगाणं. मग होतं काय की आईला ठेवणारी बाई आधीच गुन्हेगार असल्यासारखी मान खाली घालून त्या ऑफिसात शिरते, आणि अपराधी माणूस कधी भाव करत नाही आणि प्रश्न पण विचारत नाही. मी स्वतः विचारलं नाही. साडी घेताना शिवणीची बाजू उलटून बघणारी मी, आईला ठेवताना फक्त रूम किती हवेशीर आहे ते बघून चेक फाडला. लाज वाटत होती, लवकर बाहेर पडायचं होतं.

आणि आपला कायदा पण त्याच कीर्तनातून आल्यासारखा आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा केंद्राचा कायदा, महाराष्ट्राने त्याचे नियम २०१० मध्ये केले. त्यात मुलांसाठी काय आहे बघा, दरमहा निर्वाह खर्च द्यायचा, त्याची कमाल मर्यादा दहा हजार रुपये, आणि सांभाळायची जबाबदारी असताना म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठीक आहे, असावंच. पण त्याच कायद्यात कलम १९ आहे, निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढायचं, दर जिल्ह्यात निदान एक, निदान १५० जणांचं, आणि तिथे शब्द काय आहे तर सरकार असं "करू शकेल". त्या आश्रमांत दर्जा काय असावा याची योजना पण सरकार ठरवू "शकेल". मुलांना "पाहिजे" आणि सरकारला "शकेल". आणि खाजगी सेंटर, जिथे महिन्याला तीस चाळीस हजार मोजले जातात, त्याच्याबद्दल तर शब्दच नाही. म्हणजे मी आईला टाकलं तर मी जेलमध्ये, पण मी पैसे भरून ज्याच्याकडे ठेवलं त्याने तिला अकरा दिवस पाठीवर टाकलं तर त्याला नेमक्या कुठल्या कलमाखाली कुणाकडे घेऊन जायचं हे मला आजतागायत कुणी धड सांगितलेलं नाही.

असं नाही की हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत याच कायद्याचं दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात ज्येष्ठांच्या केअर होमची नोंदणी, किमान दर्जा, घरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सींची पण नोंदणी, आणि ती दहा हजारांची मर्यादा काढून टाकणं, सगळं होतं. पास झालं नाही. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही बाद झालं, त्यावर कुठे अग्रलेख आलेला मी तरी वाचला नाही.

पण नवीन कायदा येईल तेव्हा येईल, मला राग याचा येतो की आपल्याकडे जुना आहेच. १९४९ चा, मुंबई राज्याच्या वेळचा, आज आपण ज्याला महाराष्ट्र नर्सिंग होम्स नोंदणी कायदा म्हणतो तो. दवाखाने आणि हॉस्पिटलांच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा आपल्या राज्याने घेतलेला नाही, आपलं या जुन्यावरच चालतं. आता नर्सिंग होम म्हटलं की आपल्याला काय आठवतं, चौकातलं डॉक्टर नवराबायकोचं दहा कॉटचं हॉस्पिटल, बाळंतपणं आणि अपेंडिक्स. पण कायद्यातली व्याख्या वाचा, आजार, इजा किंवा "इन्फर्मिटी" असलेल्या माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा जिथे होते ती जागा. इन्फर्मिटी म्हणजे जर्जरपणा, शरीर थकणं, स्वतःचं स्वतःला न करता येणं. १९४९ मध्ये कुणीतरी तो शब्द विचार करून लिहिलाय. पुण्यात नवी पेठेत निवारा वृद्धाश्रम आहे ना, त्याचं मूळ नाव डेव्हिड ससून यांच्या नावाचं अनाथ पंगू गृह, दीडशेहून जास्त वर्षं जुनी संस्था, म्हणजे असल्या जागा असतात आणि त्यात असली माणसं असतात हे त्या काळच्या लोकांना माहीत होतं. आपणच मधल्या काळात विसरलो आणि नर्सिंग होम हा शब्द डॉक्टरांना देऊन टाकला.

याच कायद्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले, हॉस्पिटलांनी रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायची, दरपत्रक लावायचं, असं आलं. चांगलं झालं. पण केअर सेंटरवाले म्हणतात आम्ही उपचार करत नाही, आम्ही फक्त सांभाळतो. वा! नाकात नळी, लघवीला पिशवी, दिवसातून दोनदा इन्सुलिन, जखमेचं ड्रेसिंग, हे सांभाळणं. मी आमच्या मॅनेजरना विचारलं तुमचं रजिस्ट्रेशन काय आहे, तर त्यांनी फ्रेम केलेलं दाखवलं, ते ट्रस्टचं होतं, धर्मादाय आयुक्तांकडचं. म्हणजे देवळाचं असतं ना, तसंच. गंमत म्हणजे जीएसटीला वृद्धाश्रम बरोबर माहितीये, २०१८ पासून सवलत आहे, सरकारी किंवा आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदणी असलेल्या संस्थेच्या आश्रमाने साठ वर्षांवरच्या माणसाकडून महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत घेतले तर टॅक्स नाही. टॅक्सवाल्यांना समजलं की ही एक वेगळी जागा आहे, तिथे माणसं राहतात, जेवतात, पैसे देतात. फक्त आरोग्य खात्याला अजून समजायचंय.

इन्शुरन्सचं तर विचारूच नका. आईची पॉलिसी होती, वीस वर्षं हप्ते भरलेली, ऑपरेशनचा क्लेम व्यवस्थित मिळाला. सेंटरच्या बिलाचं विचारलं तर एजंटने पॉलिसीतलं एक पान काढून दिलं, एक्सक्लूजन कोड ०५. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी २०१९ मध्ये एकसारखे केलेले जे अपवाद आहेत त्यातला हा. विश्रांती, रिहॅबिलिटेशन, आणि घरी किंवा नर्सिंगच्या जागी आंघोळ घालणं, कपडे घालणं, चालवणं असली मदत, मग ती ट्रेंड नर्सने करो नाहीतर साध्या बाईने, यातलं काहीही धरणार नाही. म्हणजे हाड बसवायचे पैसे मिळतात आणि त्या हाडावर माणसाला परत उभं करायचे नाहीत. याचा परिणाम फक्त आपल्या खिशावर होत नाही, इथे जरा थांबून बघा. हॉस्पिटलचं बिल इन्शुरन्स कंपनी भरते म्हणून ती कंपनी निदान प्रश्न तरी विचारते, कागद मागते, नोंदणी आहे का बघते. केअर सेंटरला असं विचारणारं कुणीच नाही, सरकार नाही, विमा नाही, आणि तिसरी मी, जी मान खाली घालून चेक फाडते.

रिहॅब हा शब्द तर आता पाटीवर कुणीही लिहितो. आईच्या सेंटरच्या पाटीवर पण होता. प्रत्यक्षात फिजिओ आठवड्यातून तीनदा यायचा, चांगला मुलगा होता, वीस मिनिटं मनापासून करायचा आणि पुढच्या पेशंटकडे पळायचा. पण चालायला शिकणं त्या वीस मिनिटांत होत नाही, ते दिवसातून सहा वेळा कुणीतरी हात धरून कॉटवरून संडासापर्यंत नेण्यात होतं. तिथे माणूस नसला की डायपर लावतात, डायपर लावला की उठायचं कारणच संपलं, उठणं बंद झालं की मांड्या वाळतात, आणि मग फिजिओ म्हणतो ताकद नाहीये हो काकूंच्यात. पक्षाघाताच्या पेशंटचं तर अजून वाईट, जी काही सुधारणा व्हायची ती बरीचशी पहिल्या काही महिन्यांत होते, ते महिने एखाद्याने छताकडे बघत काढले तर नंतर कितीही पैसे ओता.

आणि गोळ्या. रात्री माणसं कमी असली की पेशंट झोपलेले हवे असतात, हे उघड आहे. डिमेन्शियाच्या पेशंटला शांत करायला मानसिक आजाराची जी औषधं देतात, त्यांनी अशा वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो अशी ठळक चौकटीतली सूचना अमेरिकेच्या एफडीएने २००५ मध्येच टाकायला लावली. कधीकधी द्यावी लागतात, डॉक्टर विचार करून देतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आईच्या शेजारच्या कॉटवरच्या आजींना रोज संध्याकाळी साडेसातला गोळी मिळायची आणि त्या सकाळी दहापर्यंत उठायच्या नाहीत, नाश्ता जायचा, मग वजन जायचं. गोळी कुणी लिहिली विचारलं तर उत्तर, आधीपासून चालू आहे.

त्या साडीच्या पट्टीबद्दल पण कायदा आहे बरं का. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, त्यातली मानसिक आजाराची व्याख्या स्मृती आणि भान यांच्या गंभीर बिघाडाला पण धरते, दारू आणि ड्रग्जचं व्यसन पण त्यात येतं, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रं आली आणि माझ्या वाचण्याप्रमाणे डिमेन्शियाची सेंटरं पण यायला हवीत. त्यात कलम ९७ म्हणतं की पेशंटला बांधायचं तर ते तात्काळ धोका टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून, आणि स्टाफ कमी आहे एवढ्या कारणासाठी तर बांधायचंच नाही. अगदी याच शब्दांत, स्टाफ कमी आहे म्हणून नाही. हे वाचताना मला त्या मावशी आठवल्या. कायदा लिहिणाऱ्याला पण माहीत होतं की बांधतात ते माणसं कमी असतात म्हणूनच. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले, त्यानंतर देशभर सुप्रीम कोर्टापर्यंत गाजलं. साडीची पट्टी साखळीपेक्षा मऊ असते एवढंच.

आता कुणी म्हणेल की अमेरिकेत बघा कसं सगळं छान. भाऊ पण हेच म्हणतो. छान वगैरे काही नाहीये, तिथेही नर्सिंग होममध्ये हाल होतात आणि कोविडमध्ये तर भयानक झाले. पण एक गोष्ट त्यांनी केली जी मला फार आवडली. १९८७ मध्ये त्यांनी नर्सिंग होमचा कायदा कडक केला, २००८ पासून प्रत्येक होमला एक ते पाच स्टार देऊन ते सगळ्यांना बघता येतील असं केलं. मग लक्षात आलं की स्टाफ किती आहे हे होमवाले स्वतःच सांगतात, आणि सांगताना वाढवून सांगतात. अगदी आमचा क्लिपबोर्ड! म्हणून २०१६ पासून नियम आला की आकडा पगारपत्रकातून द्यायचा, ज्याला पगार दिला तेवढेच तास धरणार. खोटी टिक मारता येते पण खोटा पगार द्यायला जीवावर येतं, मालक अमेरिकेतला असो नाहीतर हायवेवरचा. २०२४ मध्ये त्यांनी पुढे जाऊन प्रत्येक पेशंटमागे दिवसाला नर्सिंग स्टाफचे किमान ३.४८ तास असा नियम काढला, मालकांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि २०२५ मध्ये कोर्टाने तो उडवला. म्हणजे तिथेही भांडण नेमकं याच आकड्यावर आहे.

तो ३.४८ तासांचा हिशेब मी आमच्या सेंटरला लावून पाहिला. दिवसा तिघीजणी, रात्री एक, सतरा पेशंट, बारा बारा तास, भागाकार केला तर माणशी पावणेतीन तासांच्या वर येतं. कागदावर इतकं काही वाईट नाही हो! नोंदणीकृत नर्स एकही नाही, ते वेगळं. पण यात रात्रीच्या वाट्याला आली फक्त बेचाळीस मिनिटं, बारा तासांत. सरासरी चांगली आणि आई पाठीवर. म्हणून मी दिवसाचा आकडा मागतच नाही, दिवसा नातेवाईक येतात, डॉक्टरचा राउंड असतो, फोटो काढायचे असतात, दिवसाची काळजी आपोआप घेतली जाते.

यावर मला मिळालेलं एक उत्तर खरंच विचार करण्यासारखं आहे. माझ्या ओळखीतले एक जण छोटं सेंटर चालवतात, बारा पेशंट, भाड्याचा बंगला. ते म्हणाले ताई, तुम्ही म्हणता तसा नियम आला तर इन्स्पेक्टर येणार, तो रात्री दोनला येणार नाही, तो दुपारी बाराला येणार, पाकीट घेणार आणि जाणार, आणि मला रात्रीची दुसरी बाई ठेवायला लागली तर प्रत्येकाचे दीड दोन हजार वाढणार, ते तुम्ही द्याल का? पाकिटाचं ते खोटं बोलत नाहीयेत. म्हणूनच मला इन्स्पेक्टर वाढवण्यात फार रस नाही. मला दारावर पाटी हवीये, खडूने लिहायची असली तरी चालेल, आज रात्री ड्यूटीवर कोण, किती, आणि पेशंट किती. इथे आल्यावर बेडसोअर झालेले किती, महिन्यात पडले किती. महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी, आणि वर्षातून एकदा पगारपत्रक. एवढंच. ती पाटी रोज रात्री तपासायला इन्स्पेक्टर नको, सतरा पेशंटांचे चौतीस नातेवाईक आहेत.

आणि दीड दोन हजारांचं, हो, देईन. चौतीस हजार देत होते, छत्तीस दिले असते. आईच्या जखमेच्या ड्रेसिंगला, परत हॉस्पिटलला, अँटिबायोटिकला आणि एअर बेडला मिळून जे गेले त्यात रात्रीच्या दुसऱ्या बाईचे कित्येक महिन्यांचे पगार निघाले असते. पण ज्यांना चौतीसच झेपत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही तर कलम १९ कडे आहे, त्या "करू शकेल" कडे.

दुसरं उत्तर म्हणजे घरीच सांभाळा ना. हे सांगणारे बहुतेक पुरुष असतात, आणि घरी म्हणजे कोण ते सांगत नाहीत. घरी म्हणजे सून, नाहीतर माझ्यासारखी मुलगी, तिची नोकरी, तिची कंबर. शिवाय घरी बेडसोअर होत नाहीत असं कुणी सांगितलं? घरी पण रात्री दोनला एकच बाई असते आणि ती सकाळी सहाला डबे करायला उठणार असते.

आईला आम्ही साडेतीन महिन्यांनी घरी आणलं, खाली तळमजल्यावर भाड्याने जागा घेऊन. जखम भरायला अजून दोन महिने लागले. आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत येते आणि माझ्या फोडणीला नावं ठेवते. सेंटरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी अजून आहे, बाहेर पडायचं राहून गेलंय. परवा तिथे कुणाच्या तरी पंच्याऐंशीव्या वाढदिवसाचे फोटो आले, डोक्यावर कागदी टोपी, समोर केक, मागे सगळा स्टाफ टाळ्या वाजवतोय. खाली मुलांचे हात जोडलेले, डोळे भरलेले, बोस्टनहून, दुबईहून. मी फोटो मोठा करून आजोबांची मनगटं बघितली. वजन कमी झालंय, नक्की. पण ग्रुपवर वजन कोण विचारणार.

गेल्या महिन्यात आत्याचं बघायची वेळ आली, तिला पॅरालिसिस झालाय आणि आत्येभाऊ एकटा. त्याने चार सेंटरं काढली होती, ब्रोशरसकट. मी म्हटलं दिवसा जाऊन बघायचं ते बघू, आधी रात्री फोन करूया. अलार्म लावून दोन वाजता उठलो. दोन ठिकाणी कुणी उचललाच नाही. तिसऱ्या ठिकाणी रेकॉर्डेड बाई बोलली, ऑफिस नऊ ते सहा. चौथ्या ठिकाणी सहाव्या रिंगला उचलला, आणि मी काही बोलायच्या आत एक बाई धापा टाकत म्हणाल्या, "जरा थांबा हां, आजोबांना कुशीवर घेतोय आम्ही दोघी, हात अडकलेत," आणि फोन तसाच बाजूला ठेवला. मागून ऐकू येत होतं, हां आजोबा, हां, झालं, उशी दे गं इकडे. आत्येभाऊ माझ्याकडे बघायला लागला, बंद करू का म्हणून, मी म्हटलं राहू दे चालू.